मंगळवारची दुरुस्ती

सोट्याचं नुकसान चौदावरून अकरावर आणलं
आणि कॉफी घ्यायला उठले.
एवढंच माझं काम. ब्रनो शहर, तिसरा मजला,
खाली ट्राम वळली की काच जराशी थरथरते.
सहाशे वर्षांपूर्वीचं एक युद्ध
दर मंगळवारी मी थोडं समसमान करते.

तक्रार अशी होती:
शेतकरी फार जिंकतात.
चिलखत, घोडा, पणजोबांची तलवार घेऊन सरदार येतो,
गाड्यांच्या रांगेपाशी अडतो
आणि ओंब्यांसारखा झोडला जातो.
हे खरं वाटत नाही, असं खेळाडू लिहितात.
सरदारांनाही तेव्हा ते खरं वाटलं नसणार;
पण त्यांच्याकडे मंगळवार नव्हता.

ओलोमोउत्सचे झ्दिस्लाव कोपेत्स्की, निवृत्त मास्तर,
महिन्याला एक पत्र पाठवतात, शाईचं.
'बाई, तुमचा बंदूकवाला नऊ सेकंदांत बार भरतो.
तेवढ्यात वातसुद्धा फुंकून होत नाही.'
मास्तर, पुरतं मिनिटभर कोण थांबेल हो?
पोरं बारा वर्षांची आहेत,
मिनिटात त्यांची एक राजवट उभी राहून पडते.
त्या बंदुकीला आमचे लोक पिपाणी म्हणायचे.
पिस्तूल म्हणे तिचीच नात.
खेळात ती वाजते झकास.
ओल्या दारूने मुकी झालेली पिपाणी
मी ठेवलेली नाही. चिखल नाही. हगवण नाही.
हगवणीचा तोल कशाशी साधणार?

ऑगस्टात वेंदेलीनमामाकडे गेले.
कोठारात खिळ्याला तो लटकत होता:
एक लांब दांडा, एक आखूड,
मध्ये सुकून कडक झालेली चामड्याची वादी.
मोजायचंय, म्हटलं.
'किती पेंढ्या?'
पेंढ्या नाही मामा. फटके. मिनिटाला किती.
तो काही बोलला नाही. एका हातात बिअर,
दुसऱ्यात घड्याळ घेऊन उभा राहिला.
पहिल्या पाच फटक्यांत मी घोडदळाची फळी मोडली.
सातव्याला तळव्याची साल निघाली.
नवव्याला आखूड दांडा उलटा फिरला
आणि माझ्याच कानावर बसला.
मामा हसला नाही.
'जोर कशाला लावतेस? ते लाकूड आपलं आपण पडतं.
तू फक्त उचल.'
त्याची आजी म्हणे अंधार पडेपर्यंत उचलायची,
मधूनच थांबून कुसळं थुंकायची.

परत आले ती कान सुजलेला घेऊन,
आणि खेळात दमणं घातलं.
फटक्यागणिक हात जड.
नवव्यानंतर स्वतःलाच लागण्याची शक्यता, शेकडा चार.
आठवड्यात नऊ हजार माणसं खेळ सोडून गेली.
येंद्रिश्का, माझी वरिष्ठ, खुर्ची ओढून शेजारी बसली.
'लोक दमूनच येतात गं इथे.'
तिचंही खोटं नव्हतं.
दमणं काढलं.

एक गोष्ट मात्र राहू दिली, कोणाला न विचारता.
जिंकलेल्या तुकडीला
चार मिनिटं कुणी हुकूमच दिला नाही, तर
ती रणांगणाकडे पाठ फिरवते,
गोल करून उभी राहते
आणि रिकामी जमीन झोडायला लागते,
एकामागून एक, चौघांचा ठेका.
नुकसान: शून्य.
चार मिनिटं गप्प कोण बसतंय,
म्हणून दोन वर्षं ते कुणाला दिसलंच नाही.

परवा उरुग्वेतून चार ओळी आल्या,
साल्तो गावची कुणी मुलगी:
आईने हाक मारली म्हणून उठले होते.
परत आले तर माझे सैनिक जमीन बडवत होते.
मी थांबवलं नाही.
हे बिघडलंय का?

बराच वेळ लिहीत, खोडत बसले.
ट्राम गेली, काच थरथरली, दुसरी ट्राम गेली.
शेवटी लिहिलं: नोंद घेतली आहे.
आणि दुरुस्त्यांच्या यादीत
पुढच्या मंगळवारचा रकाना
कोराच ठेवला.